आम्ही तुला मत दिलं नव्हतं : ‘होली ग्रेल’ हा सिनेमा समजून घेताना

दाट धुकं आहे आणि त्यातून घोड्याच्या टापा ऐकू येतात. टेकडीवरून राजा आर्थर येतो. डोक्यावर मुकुट, अंगात चिलखत, हात लगाम धरल्यासारखे पुढे केलेले. पण खाली घोडाच नाही. राजा स्वतःच्या पायांनी दुडक्या चालीत येतोय आणि मागून त्याचा नोकर नारळाच्या दोन करवंट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढतोय. किल्ल्यापाशी पोचल्यावर राजा आपली सगळी बिरुदं ऐकवतो. तटावरचा पहारेकरी त्यांना काडीची किंमत देत नाही. त्याला पडलेला प्रश्न वेगळाच आहे : नारळ गरम देशातला, मग तो इंग्लंडात आला कसा? पाकोळी घेऊन आली असेल का? पाच औंसांचा पक्षी एक पौंडाचा नारळ उचलेल कसा? वाद रंगत जातो आणि राजा ताटकळत उभा राहतो.

१९७५ साली आलेल्या ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ या ब्रिटिश सिनेमाची ही सुरुवात. जगातल्या सर्वोत्तम विनोदी सिनेमांच्या याद्यांमध्ये त्याचं नाव हमखास असतं. तरी पहिल्यांदा पाहणारे बरेच जण गोंधळतात. गोष्ट धड पुढे सरकत नाही, मध्येच कार्टून येतं, मध्येच पोलीस येतात आणि शेवट तर होतच नाही. विनोद ब्रिटिश आहे, म्हणून आपल्याला कळत नसेल, अशी समजूत करून घेऊन लोक बाजूला होतात. मला ते पटत नाही. या सिनेमाला एक पक्का कणा आहे. तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो : तुला हा अधिकार दिला कोणी? राजाला विचारतो, पंडिताला विचारतो, इतिहासकाराला विचारतो आणि शेवटी सिनेमा नावाच्या गोष्टीलाही विचारतो. हा धागा हातात आला की विस्कळीत वाटणारी दृश्यं एका माळेत बसतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. आर्थर हा ब्रिटनचा दंतकथेतला राजा. तो खरंच होऊन गेला का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे, पण बाराव्या शतकापासून त्याच्या कथा लिहिल्या गेल्या आणि १४८५ मध्ये त्या छापूनही आल्या. तळ्यातल्या देवीने त्याला एक्सकॅलिबर नावाची तलवार दिली, म्हणून तो राजा झाला. त्याचे सरदार गोल मेजाभोवती बसत, कारण गोल मेजाला वरची बाजू नसते. येशूने शेवटच्या भोजनात वापरलेला पवित्र प्याला, म्हणजेच होली ग्रेल, शोधायला ते निघाले. शौर्य, श्रद्धा आणि राजनिष्ठा यांची ही गोष्ट इंग्रज मुलं शाळेपासून ऐकतात. राजसत्तेला देवाचा आशीर्वाद असतो, ही कल्पना त्या गोष्टीच्या मुळाशी आहे. पायथन मंडळींनी नेमकी हीच गोष्ट निवडली, यातच बरंच काही आलं.

ही मंडळी सहा. जॉन क्लीज, ग्रॅहम चॅपमन आणि एरिक आयडल केंब्रिजचे, टेरी जोन्स आणि मायकेल पेलिन ऑक्सफर्डचे, आणि टेरी गिलियम हा अमेरिका सोडून आलेला चित्रकार-ॲनिमेटर. ५ ऑक्टोबर १९६९ ला बीबीसीवर त्यांची ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ ही मालिका सुरू झाली. तो काळ ब्रिटनमध्ये जुन्या शिस्तीला धक्के बसण्याचा होता, ज्याला आपण काउंटरकल्चरचा काळ म्हणतो. लांब केस आणि रॉक संगीत हे त्याचं वरवरचं रूप. आत चाललेलं होतं ते म्हणजे वडीलधारे, पाद्री, न्यायाधीश, लष्करी अधिकारी, सरकारी वाहिनी या सगळ्यांना ‘का?’ विचारणं. हे किती नवं होतं ते एका गोष्टीवरून कळेल. १७३७ पासून इंग्लंडमध्ये रंगभूमीवरचं नाटक आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याकडून संमत करून घ्यावं लागे. हा कायदा उठला १९६८ मध्ये. म्हणजे पायथन मालिका सुरू होण्याच्या अवघ्या एक वर्ष आधी. आणि कायदा उठला म्हणून धाक उठला असंही नाही. १९७१ मध्ये ‘ऑझ’ या बंडखोर मासिकाच्या संपादकांवर लंडनमध्ये अश्लीलतेचा खटला चालला आणि तो देशभर गाजला.

पैसा आला कुठून

पायथनचा पहिला सिनेमा १९७१ मध्ये आला होता. त्यात मालिकेतलीच प्रहसनं पुन्हा चित्रित केलेली होती. पैसा प्लेबॉयच्या ब्रिटनमधल्या प्रमुखाचा होता, आणि पैसा घालणारा म्हणून त्याची मतंही होती. न आवडलेलं एक पात्र त्याने काढायला लावलं. या अनुभवातून मंडळी एक गोष्ट शिकली : पैसे एकाच माणसाचे असले की तो मालक होतो.

दुसऱ्या सिनेमासाठी स्टुडिओ उभे करेनात. तेव्हा रंगभूमीवरचे निर्माते मायकेल व्हाइट आणि तरुण निर्माता मार्क फोर्स्टेटर यांच्याबरोबर त्यांनी थोडी थोडी रक्कम गोळा करायला सुरुवात केली, आणि ती मिळाली रॉक संगीताच्या दुनियेतून. लेड झेपलिनने ३१,५०० पौंड दिले. पिंक फ्लॉइडच्या कंपनीने २१,००० पौंड दिले, ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा त्यांचा अल्बम येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. जेथ्रो टल या बँडच्या इयन अँडरसनने स्वतःचे ६,३०० पौंड घातले. पायथनच्या ध्वनिमुद्रिका काढणारी करिष्मा रेकॉर्ड्स आली, आयलंड आणि क्रिसलिस या कंपन्या आल्या, गीतकार टिम राइस यांचा ‘हार्टएक्स’ हा क्रिकेट क्लबही आला. सगळं मिळून सिनेमाचा खर्च सव्वादोन लाख पौंडांच्या आसपास गेला. सिनेमाच्या हिशेबात ही रक्कम तेव्हाही लहानच होती.

गायक-वादकांनी सिनेमात पैसे का घालावेत? पायथन त्यांना आवडत होते हे खरंच, पण दुसरं कारण आयकराचं होतं. गिलियमने पुढे ते उघड सांगितलं : त्या वेळी कर नव्वद टक्क्यांपर्यंत जात होता आणि करातून तोटा वजा करायला आम्ही बरे सापडलो. हे गणित नीट समजून घेण्यासारखं आहे. मार्च १९७४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री डेनिस हिली यांनी कमाईवरचा सर्वात वरचा दर ७५ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर नेला. व्याज आणि लाभांशासारख्या बसल्या जागच्या उत्पन्नावर आणखी १५ टक्के अधिभार होता, म्हणजे तिथे दर ९८ टक्के. हा दर सगळ्या कमाईला लागत नसे, २०,००० पौंडांच्या वरच्या भागाला लागे. पण ज्यांच्या ध्वनिमुद्रिका जगभर लाखांनी खपत होत्या, त्यांची बरीचशी कमाई त्या वरच्या भागातच असणार. अशा माणसाच्या शेवटच्या शंभर पौंडांपैकी ८३ सरकारजमा होत आणि हातात १७ उरत. आता तेच शंभर पौंड करातून वजावट मिळेल अशा रीतीने सिनेमात घातले आणि बुडाले, तर त्याच्या खिशातून खरे गेले १७. चालला सिनेमा, तर वाटा मिळत राहणार. इतक्या स्वस्तात मित्रांचा वेडा सिनेमा बघायला मिळत असेल, तर कोण नाही म्हणेल?

या रचनेचा परिणाम कलेवर झाला, आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. गुंतवणूकदार अनेक होते, प्रत्येकाची रक्कम लहान होती आणि बहुतेकांनी ती बुडीत धरूनच दिली होती. त्यामुळे पटकथेत ‘हे बदला’ म्हणणारं कुणी नव्हतं. कुणाचाही हुकूम चालत नाही असा सिनेमा बनायला तशीच पैशाची व्यवस्था लागते, आणि ती इथे योगायोगाने जुळून आली होती.

नसलेल्या घोड्यांवरून

चित्रीकरण झालं स्कॉटलंडमध्ये, १९७४ च्या एप्रिलअखेरपासून सुमारे पाच आठवडे. दिग्दर्शक दोन, जोन्स आणि गिलियम, आणि दोघांनीही तोवर एकही पूर्ण लांबीचा सिनेमा दिग्दर्शित केला नव्हता. पहिल्याच दिवशी, पहिल्याच शॉटला कॅमेरा बिघडला. वेगवेगळ्या किल्ल्यांवर चित्रीकरण करायचं ठरलं होतं, पण वारसा वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेने ऐनवेळी नकार कळवला. कारण काय, तर असल्या प्रकाराने त्या वास्तूंच्या प्रतिष्ठेला बाधा येईल. ज्या किल्ल्यांनी शतकानुशतकं कत्तली पाहिल्या, त्यांची प्रतिष्ठा सहा विनोदवीरांमुळे जाणार होती! उरला तो खासगी मालकीचा, स्टर्लिंगजवळचा डून किल्ला. मग तोच वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळे किल्ले म्हणून वापरला. फ्रेंच शिपाई तटावरून शिव्या देतात तो किल्ला, गाण्यातलं कॅमलॉटचं, म्हणजे आर्थरच्या राजधानीचं दालन, दलदलीतल्या राजाचा किल्ला, सगळे डूनच आहेत. आज तो सरकारी देखरेखीखाली आहे. पाहायला जाणाऱ्यांना तिथे टेरी जोन्सच्या आवाजातली माहिती ऐकायला मिळते आणि करवंट्याही मिळतात.

घोडे परवडत नव्हते, म्हणून करवंट्या. पण नुसती काटकसर म्हणून हे सोडून देऊ नका. रेडिओवर टापांचा आवाज काढायची ही जुनी युक्ती होती. रेडिओत ती लपलेली असते, इथे ती उघड दाखवली. आपल्याकडे तमाशाच्या वगात पात्राने रंगमंचावर एक फेरी मारली की तो दुसऱ्या गावाला पोचतो आणि प्रेक्षक ते आनंदाने मान्य करतात, तसाच हा करार आहे. फरक इतकाच की पायथनच्या गोष्टीतला पहारेकरी तो करार मोडतो आणि विचारतो, तुझ्याकडे घोडा कुठे आहे? राजाचा रुबाब घोड्यावर असतो. घोडा काढून घेतला की उरतो एक धावणारा माणूस. घोड्यांसाठी हवे तेवढे पैसे असते, तर सिनेमातली सर्वात खोल कल्पना कदाचित पडद्यावर आलीच नसती.

चिलखतांचंही तसंच. सरदारांच्या अंगातल्या लोखंडी जाळ्या म्हणजे प्रत्यक्षात विणलेली लोकर, वर चंदेरी रंग. स्कॉटलंडच्या पावसात ती भिजून जड व्हायची आणि नट दिवसभर कुडकुडायचे. तरीही पडद्यावर हा काळ कमालीचा खरा दिसतो, याचं श्रेय दोन्ही टेरींना आहे. जोन्सचा मध्ययुगाचा अभ्यास गाढा होता, पुढे त्याने मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरच्या काव्यातल्या सरदारावर पुस्तकही लिहिलं. हॉलिवूडच्या मध्ययुगातली चकाकणारी चिलखतं आणि धुतलेले चेहरे त्यांनी झिडकारले. इथे चिखल आहे, किडलेले दात आहेत, धूर आहे. एका दृश्यात रोगराईत मेलेल्यांना गाडीत भरून नेणारे दोघे बाजूने जाणाऱ्या आर्थरकडे बघतात. हा राजा असणार असं एकजण ओळखतो, कारण सगळ्यांच्या अंगावर घाण आहे आणि याच्या अंगावर नाही.

चिखलातला डेनिस

आता ज्या दृश्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते. आर्थर एका शेतातून जाताना चिखल गोळा करणाऱ्या माणसाला मागून हाक मारतो, ‘ए म्हातारे!’ तो वळतो. तो पुरुष आहे, नाव डेनिस, वय ३७, आणि आपण म्हातारे नाही हे तो ठणकावून सांगतो. समोरच्या किल्ल्यात कोण राहतं, असं राजा विचारतो. कुणीच नाही. मग तुमचा मालक कोण? मालक नाही. मी ब्रिटन लोकांचा राजा आहे, असं आर्थर म्हणतो, तर डेनिसची जोडीदारीण विचारते, ब्रिटन कोण? आपण सगळे ब्रिटन, असं कळल्यावर तिला नवल वाटतं, कारण आपल्याला राजा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. डेनिस पेलिनने केलाय आणि ती बाई टेरी जोन्सने.

मग डेनिस आपल्या वस्तीची व्यवस्था समजावतो. आम्ही अनार्को-सिंडिकलिस्ट कम्यून आहोत. दर आठवड्याला एकजण पाळीपाळीने कार्यकारी अधिकारी होतो. त्याचे निर्णय खास बैठकीत मंजूर व्हावे लागतात, अंतर्गत बाबींना साधं बहुमत, मोठ्या बाबींना दोन तृतीयांश. आर्थर ‘गप्प बस’ म्हणून ओरडतो, तरी तो बोलतच राहतो.

हा जड शब्द काय आहे? सिंडिकलिझम म्हणजे कारखाने आणि शेती यांची मालकी आणि कारभार कामगारांच्या संघटनांच्या हाती असावा, हा विचार. त्याला अनार्को जोडलं की वर सरकारही नको. सगळा कारभार खालून वर, बैठका आणि मतदान यांतून. हा विचार पुस्तकातच राहिला नाही. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा कॅटालोनियात सीएनटी या कामगार संघटनेने अनेक उद्योग आणि शेतजमिनी ताब्यात घेऊन अशा रीतीने चालवून दाखवल्या. १९६८ नंतरच्या युरोपातल्या विद्यार्थी चळवळींनी हा विचार पुन्हा उचलला. सिनेमा पाहणाऱ्या तरुणांपैकी अनेकांनी अशा बैठका स्वतः अनुभवलेल्या होत्या. शिवाय देशातली हवा बघा. खाणकामगारांच्या आंदोलनामुळे वीज वाचवायला १९७४ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत ब्रिटनमध्ये उद्योगांना आठवड्यात तीनच दिवस वीज मिळत होती. ‘देश चालवतंय कोण?’ हा मुद्दा घेऊन पंतप्रधान हीथ यांनी फेब्रुवारीत निवडणूक लावली आणि सत्ता गमावली. त्यानंतर दोनच महिन्यांत डेनिस चिखलात उभा राहून राजाशी वाद घालत होता.

वादाचा कळस येतो तो मतावर. मी तुला मत दिलं नव्हतं, असं ती बाई म्हणते. राजांना मत देत नसतात, असं आर्थर सांगतो. मग तू राजा झालास कसा? आता पार्श्वसंगीत सुरू होतं, आर्थरची नजर आभाळाकडे लागते आणि तो भारावून सांगतो : तळ्यातल्या देवीचा झगमगता हात पाण्यातून वर आला, हाती एक्सकॅलिबर होती, म्हणून मी तुमचा राजा. डेनिस त्याला तिथेच तोडतो. तळ्यात पडून राहणाऱ्या बायांनी तलवारी वाटणं ही काही राज्यकारभाराची पद्धत नव्हे. सत्ता मिळायला हवी ती लोकांच्या कौलातून.

इथे नीट लक्ष द्या. या एका वाक्यात डेनिसने साऱ्या दैवी राजसत्तेचा पाया काढून घेतला आहे. त्याने आर्थरला खोटं ठरवलेलं नाही. देवीने तलवार दिली असेलही, पण त्यावरून मी तुझं का ऐकावं, एवढंच तो विचारतो. आणि उत्तर नसल्यावर राजा काय करतो? त्याला पकडून गदागदा हलवतो. डेनिस लगेच आरडाओरडा करून सगळ्यांना बोलावतो : बघा, या व्यवस्थेतली हिंसा बघा! हसू येतं ते दोघांचंही. बैठकांचे नियम घोकणाऱ्या चळवळीतल्या माणसाची खोड पायथनना पक्की माहीत आहे, त्याच्या बडबडीला त्यांनी सोडलेलं नाही. तरी युक्तिवाद डेनिसच जिंकतो. आपल्याच बाजूच्या माणसाची गंमत करून त्याचा मुद्दा शाबूत ठेवणं फार अवघड असतं, आणि म्हणून हे काही मिनिटांचं दृश्य मला त्या काळातल्या राजकीय विनोदाचा सर्वोत्तम नमुना वाटतं.

बदक आणि चेटकीण

पुढचा अधिकार ज्ञानाचा. गावकरी एका तरुणीला ओढत आणतात : ही चेटकीण आहे, हिला जाळायचं. तिच्या नाकावर गाजर बांधलंय आणि डोक्यावर टोपी चढवलीय, ते आपणच केलं हेही ते कबूल करतात. एकजण म्हणतो, हिने मला पाण्यातला सरडा केलं. सगळे त्याच्याकडे बघतात, तेव्हा तो पुटपुटतो की मग मी बरा झालो. निवाडा करायला बसलाय विद्वान सरदार बेडेव्हिअर. त्याचा तर्क असा चालतो : चेटकिणी जळतात, लाकूड जळतं, म्हणून चेटकिणी लाकडाच्या. लाकूड तरंगतं, बदकही तरंगतं, म्हणून हिचं वजन बदकाइतकं भरलं तर ही लाकडाची, अर्थात चेटकीण.

चूक कुठे आहे? ‘लाकूड जळतं’ यावरून ‘जे जळतं ते लाकूड’ असं होत नाही. कागद जळतो, तेल जळतं. दोन वस्तूंचा एक गुण जुळला म्हणून त्या एक होत नाहीत. तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातली ही चूक, पण विद्वानाच्या तोंडून ठसठशीत पायऱ्यांनी आली की गर्दी माना डोलावते, आणि खुद्द आर्थर भारावून त्याला आपल्या सरदारांत घेतो. हा निव्वळ कल्पनेचा खेळ नाही. युरोपात संशयित बाईला पाण्यात टाकून, तरंगली तर चेटकीण, असं ठरवण्याची पद्धत खरोखर होती. पुढे इंग्लंडच्याही गादीवर बसलेला स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९७ मध्ये चेटकावर ग्रंथ लिहून त्यात या कसोटीचं समर्थन केलं. सिनेमात साल ९३२ दाखवलंय, पण चेटकिणींच्या शिकारीचा मोठा काळ सोळाव्या-सतराव्या शतकातला, म्हणजे ज्याला आपण विद्येचं पुनरुज्जीवन म्हणतो त्याच काळातला. आणि शेवटी तराजूत ती बाई बदकाइतकीच भरते! चुकीच्या तर्काने निघालेलं उत्तर ‘बरोबर’ आल्यावर त्या तर्काला कोण आव्हान देणार?

काळा सरदार हात-पाय तुटले तरी लढाई बरोबरीत सुटली म्हणतो, ती शौर्याची टर. ‘नी’ म्हणून ओरडणारे सरदार, मारकुटा ससा, अँटिऑकचा पवित्र हातगोळा, यांना समजावून सांगायची गरज नाही, ते पाहून हसायचं. ढगांतून बोलणाऱ्या देवाकडे मात्र बारकाईने बघा. गिलियमच्या कार्टूनमधल्या त्या दाढीवाल्या चेहऱ्यासाठी डब्ल्यू. जी. ग्रेस या जुन्या इंग्लिश क्रिकेटपटूचा फोटो वापरलेला आहे. आणि हा देव वैतागलेला आहे, कारण जो तो त्याच्यापुढे लोळण घेतो.

हे सगळं उभं राहतं ते चॅपमनच्या आर्थरवर. शिक्षणाने डॉक्टर असलेला हा नट तेव्हा दारूच्या विळख्यात होता आणि उंचावरच्या पुलावर त्याला उभंही राहता येत नव्हतं. पडद्यावर त्याचा मागमूस नाही. तो एकदाही विनोद करत नाही, राजासारखाच वागतो, म्हणून बाकीच्यांचे प्रश्न टोचतात. संगीताचंही हेच. नील इनिसने केलेलं पार्श्वसंगीत बरंचसं बाजूला ठेवून त्यांनी तयार संगीताच्या संग्रहातून वीरश्रीचे, भव्य तुकडे घेतले. संगीत जितकं गंभीर, तितका करवंटीचा आवाज उघडा पडतो.

शेवट न होणारा शेवट

मध्येच सूट घातलेला एक इतिहासकार कॅमेऱ्याकडे बघून कथेचा अर्थ समजावू लागतो. घोड्यावरून एक सरदार येतो आणि तलवारीने त्याचा गळा कापून जातो. खरा घोडा सिनेमात दिसतो तो इथेच. त्यानंतर आजच्या काळातले पोलीस या खुनाचा तपास करत कथेत अधूनमधून डोकावू लागतात. शेवटी तळ्यातल्या किल्ल्यासमोर आर्थरचं सैन्य जमतं. त्यात स्टर्लिंग विद्यापीठाचे विद्यार्थी होते. सैन्य गर्जत धावत सुटतं, इतक्यात पोलिसांच्या गाड्या आडव्या येतात, आर्थरला अटक होते, एक पोलीस कॅमेऱ्यावर हात ठेवतो आणि फिल्म तुटते. प्याला सापडतच नाही. पहिल्या मसुद्यात तो लंडनच्या हॅरॉड्स या दुकानात सापडणार होता.

मोठी लढाई परवडली नसती, हे कारण आहेच. पण सिनेमाने आतापर्यंत काय केलंय ते आठवा. घोड्याचा करार मोडला, अर्थ सांगणारा मारला, आता गोष्ट सांगणारा कॅमेराच बंद पाडला. दीड तास राजेशाहीला प्रश्न विचारून झाल्यावर शेवटी राजाला विजय मिळवून दिला असता, तर ती डेनिसशी गद्दारी झाली असती.

गुंतवणूकदारांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा सिनेमा साफ पडला. मग पुन्हा पुन्हा कापाकाप करून, प्रेक्षकांसमोर लावून तो सुधारत नेला. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत आणि एप्रिलमध्ये लंडनला तो लागला आणि चालला. न्यूयॉर्कला पहिल्या हजार प्रेक्षकांना नारळ वाटले होते. बुडीत धरलेले पैसे अनेक पटींनी परत आले. २००५ मध्ये त्यावरून ‘स्पॅमलॉट’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं, त्याला सर्वोत्तम संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला. त्याच्या उत्पन्नातल्या वाट्यावरून निर्माता फोर्स्टेटरने पायथनना कोर्टात खेचलं आणि २०१३ मध्ये खटला जिंकला. कोर्टाच्या खर्चाचं ओझं हे एक कारण होतं, ज्यासाठी पुढच्या वर्षी हयात असलेले पाच पायथन लंडनच्या ओटू अरिनात दहा प्रयोगांसाठी पुन्हा एकत्र आले. चॅपमन १९८९ मध्येच गेला होता. रॉकच्या पैशाचा उपाय मात्र त्यांच्या पुढच्या सिनेमालाही कामी आला. ‘लाइफ ऑफ ब्रायन’मधून ईएमआय कंपनीने ऐनवेळी अंग काढून घेतलं, तेव्हा बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने आपलं घर गहाण टाकून तो पुरा करून दिला.

पहिल्यांदा पाहणार असाल तर सबटायटल लावून पाहा. उच्चार अवघड आहेत आणि डेनिस फार भरभर बोलतो. सुरुवातीची नामावली पुढे ढकलू नका, कारण शेवटी नावं येतच नाहीत. त्या नामावलीखाली खोटं स्वीडिश घुसडणाऱ्यांना कामावरून काढल्याची सूचना येते आणि थोड्या वेळाने, ज्यांनी त्यांना काढलं त्यांनाही काढल्याची.